गौरवाचा फलक आणि वाडीचे नाव

कोकणातल्या काही गावांच्या ग्रामसभेत अलीकडे दोन विषय पाठोपाठ येऊ लागले आहेत. गाव उभे करण्यात ज्या ज्या समाजांचा हात लागला, त्यांच्या गौरवाचा फलक एसटी थांब्याजवळ लावणे, हा एक. वाड्यांची जातिवाचक नावे बदलणे, हा दुसरा. पहिला मिनिटभरात मंजूर होतो. दुसरा वाचून होतो न होतो तोच मागच्या रांगेतून कुणीतरी उठतो आणि सभा जेवणाच्या वेळेपर्यंत लांबते. कुंभारांनी गावाला मडकी दिली असे फलकावर लिहायचे आणि कुंभारवाडी हे नाव दप्तरातून काढायचे, अशी ही एकाच सकाळची दोन कामे.

घाटावर गावठाण एका जागी आणि भोवती शिवार. इथे डोंगर, व्हाळ (ओढे) आणि खाजण (खाडीकाठची खारी जमीन) यांनी गाव मुळातच तुकड्यांत पाडलेले. माडी काढणारे भंडारी माडांजवळ राहिले, गाबीत, खारवी, कोळी, दालदी पुळणीवर किंवा खाडीच्या तोंडाशी, गवळी-धनगर गुरे घेऊन वर डोंगरात, खैराचा कात पाडणारे कातकरी रानाच्या कडेला. या वाड्यांच्या नावात माणसाचे काम होते. महारवाडा मात्र कामावरून वसलेला नव्हता. तो गावाने ठरवून बाजूला ठेवलेला होता, त्याची पाणवठ्याची वाटही वेगळी. पुढचा सगळा गोंधळ हे दोन प्रकार एका यादीत टाकल्याने झाला आहे, असे माझे मत.

वाडी हा शब्दही सरळ नाही. नारळी-पोफळीची बाग ती वाडी, पितरांसाठी पानावर काढून ठेवतात तीही वाडी, आणि पंधरा घरांची वस्ती तीही वाडीच. उत्तरेला रायगडाकडे गेलात की कोंड, आळी, पाखाडी सुरू होतात. महसुली दप्तरात गाव असते. वाडीला स्वतंत्र दर्जा सहसा नसतो. आणि तरी रस्ता, विजेचा खांब, अंगणवाडी, नळपाण्याची पाळी ही सगळी मागणी वाडीवार होते. कायद्याने पंचायतीसाठी प्रभाग पाडले आणि त्यांना आकडे दिले. पण मी प्रभाग तीनचा, असे सांगणारा माणूस कोकणात अजून भेटायचा आहे.

नावांची जातही एक नाही. भंडारवाडी, तेलीवाडी ही समाजाची. राणेवाडी, परबवाडी ही भावकीची. देऊळवाडी, वरचीवाडी ही जागेची. सुतारवाडी जातीची की धंद्याची? गुरववाडी जातीची की देवळातल्या सेवेची? मुसलमानांचा मोहल्ला कोणत्या रकान्यात टाकायचा? अलिबागेत अजून इस्राएल आळी आहे. तिथल्या बेने इस्राएल (ज्यू) कुटुंबांना गाव शनिवार तेली म्हणायचे, कारण घाणा चालवायचा पण शनिवारी बंद ठेवायचा. बहुतेक घरे इस्राएलला गेली, आळीचे नाव राहिले. आणि आडनावावरून पडलेली नावेही काढायची म्हटली तर सुंदरवाडीची सावंतवाडी झाली त्याचे काय करायचे, हा प्रश्न दक्षिणेकडे हमखास विचारला जातो. विचारणारा निम्मा थट्टेत असतो, निम्मा नसतो.

स्थानिक संस्थेने ठराव करायचा आणि गावाने तो पाळायचा नाही, ही रीत इथे जुनी आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला, तो मांडणारा सभासद भंडारी समाजातला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावर राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये जे झाले ते सांगायला नको. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, हे भाषणांत कमी येते. डिसेंबरच्या परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हते, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने सुटायला १९३७ साल उजाडले. समाजांच्या योगदानाचा फलक रंगवायचाच असेल तर त्या जमिनीची ओळ त्यावर हवी.

नंतरचे भराभर सांगतो. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची सत्ता, गेली आणि ‘गाव कुणाचे’ या प्रश्नाचे जुने उत्तरही गेले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ पासून जिल्हा परिषदा. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, कुलाब्याचे रायगड झाले. १९९३ मध्ये घटनादुरुस्ती लागू झाली आणि फिरत्या आरक्षणाने सरपंचाची खुर्ची हळूहळू त्या वाड्यांपर्यंत गेली, जिथे पालखी शेवटी पोचायची. शिमग्यात कुठल्या वाडीत पालखी आधी, कुणाच्या अंगणात नाचायची, नारळ कुणाच्या हातात द्यायचा, हे मान मात्र पंचायतीच्या हातात कधीच आले नाहीत. ते गावकर-मानकऱ्यांकडेच राहिले, आणि कोकणात मानापमानाचे खटले बहुतेक तिथेच होतात.

आता २०२०. त्या वर्षी डिसेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने गावे, वस्त्या आणि रस्ते यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. उदाहरणे दिली होती: महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली. त्यांच्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवली होती. सामाजिक सलोखा आणि एकात्मता हे कारण. एसटीच्या दारात उभा राहून कंडक्टरने ‘महारवाडा, कोण उतरणार?’ असे ओरडलेले ज्याने स्वतःच्या थांब्यावर ऐकले आहे, त्याला या निर्णयाची गरज समजावून द्यावी लागत नाही. हे नाव आधीच जायला हवे होते.

अडचण यादीतल्या दुसऱ्या नावापाशी आहे. महारवाडा हे नाव गावाने दिलेले. १९५६ नंतर कोकणातल्या वाड्यांनी ते टाकले आणि स्वतःहून बौद्धवाडी म्हणवून घेतले. त्यासाठी कुठला शासन निर्णय निघाला नव्हता. पत्रांवर पत्ता बदलला, लग्नपत्रिकांवर बदलला, मुंबईतल्या मंडळांच्या पावतीपुस्तकांवर बदलला. गाव मात्र पुढे कितीतरी वर्षे जुनेच नाव घेत राहिले. म्हणजे ज्या नावासाठी एक पिढी भांडली, तेच नाव या यादीत टाकून दिलेल्या नावाच्या शेजारी बसले, स्वल्पविराम देऊन. बौद्ध हा धर्म, तो जातिवाचक कसा, असा साधा सवाल ग्रामसभांत आला आणि त्याला सरळ उत्तर मिळाले नाही.

वाडीतही एकमत नाही, हे खरे. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिला की समोरच्याच्या डोळ्यांत काय होते ते तरुण मुलांनी पाहिले आहे. त्यांना समता नगर चालते, किंबहुना हवे आहे. म्हातारे म्हणतात, लपवायचे कशाला. भीम नगर म्हटले तर कळायचे ते कळतेच, मग बौद्धवाडीने काय घोडे मारले? मध्यमवयीन माणसे बहुधा आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि पोरांचे दाखले पुन्हा एकदा दुरुस्त करावे लागतील या काळजीत असतात. माझा कल म्हाताऱ्यांकडे आहे, हे कबूल करतो. अर्थात माझ्या पत्त्यावरून मला कुणी कधी हिणवले नाही, हेही त्यात धरायला हवे.

पैशाचा गुंता त्याहून वेगळा. २०१२ च्या आसपास दलित वस्ती सुधार योजनेचे नाव बदलून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे लांबलचक नाव आले. त्याच सुमारास दलितमित्र पुरस्काराचेही नाव बदलले. आता या योजनेतून पाखाडी (इथे अर्थ पायऱ्यांची वाट), गटार किंवा समाजमंदिर मिळवायचे तर वस्ती कोणाची, हे आराखड्यात लिहिलेले असावे लागते. एका कागदाला नाव पुसलेले हवे, दुसऱ्याला ओळख पटलेली. ग्रामसेवक दोन्ही कागद एकाच फायलीत लावतो आणि मधे टाचणी मारतो.

किनाऱ्यावर हा वाद आणखी एका अंगाने येतो. कोळीवाडा हे नाव काढा म्हटले तर पहिला विरोध कोळ्यांचाच असतो. बंदर, रिसॉर्ट, सागरी रस्ता यांच्या रेट्यात होड्या ओढायची पुळण, मासळी सुकवायची जागा, जाळी विणायचे मांडव यांचा सातबारा बहुतेकांकडे नाही. पिढ्यानपिढ्या इथे आहोत याचा पुरावा म्हणून गावाच्या तोंडी असलेले नावच पुढे करता येते. कोळीवाड्यांच्या हद्दी आखून द्या, ही मागणी म्हणूनच लावून धरली आहे. त्यात सागर नगर लिहिले की दावा पातळ होतो. मालवणकडचे रापणकरही, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमारही, याच भाषेत बोलतात.

आणि ‘नगर’! व्हाळाच्या पलीकडे सात घरे, एक आंब्याचे झाड, पावसाळ्यात साकवावरून जायचे. त्याला नगर म्हणताना नाव घेणाऱ्यालाच हसू येते. शेजारशेजारच्या चार गावांनी समता नगर घेतले तर कुरिअरवाल्याने फोन करून ‘म्हणजे पूर्वीची कुठली वाडी?’ असे विचारण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. वरून आलेल्या शब्दांचे इथे असेच होते. २०२५ च्या गणपतीच्या तोंडावर चाकरमानी म्हणू नका, कोकणवासीय म्हणा, असे सरकारकडून आले. तुतारी एक्स्प्रेसमधून उतरणारा माणूस स्वतःला काय म्हणतो, ते फलाटावर उभे राहून ऐकावे.

गौरवाचे फलक या पार्श्वभूमीवर आले आहेत. पर्यटन वाढले, महोत्सव सुरू झाले, आणि पाहुण्यांना दाखवायला किल्ला नसलेल्या गावांना आपल्या माणसांकडे बघावे लागले. हे चांगलेच झाले. कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या कित्येक वर्षे देवळाच्या ओसरीपलीकडे फारशा कुणाला माहीत नव्हत्या. २०२१ मध्ये तिथल्या कलाकाराला पद्मश्री मिळाली आणि रस्त्यावर दिशादर्शक पाट्यांची चर्चा सुरू झाली. सावंतवाडीच्या चितारआळीचे लाकडी आंबे-फणस तर आळीच्या नावासकट विकले जातात. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली अजून घराघरांत आहे. कातकऱ्यांचा उल्लेख मात्र बहुतेक मसुद्यांत ‘इतर’ या शब्दात उरकलेला असतो. आंबा, वीटभट्टी, कोळसा, मासेमारी यांत त्यांचे हात सगळीकडे असतात, पण सभेच्या दिवशी ते कामावर असतात.

फलकावर नावे कुठल्या क्रमाने लिहायची, हाही प्रश्न लहान नाही. पालखीचा क्रम घेतला तर मानकरी वर येतात. लोकसंख्येने घेतला तर कुणबी किंवा मराठा. काही ठिकाणी बाराखडीचा तोडगा निघाला: आगरी, कुंभार, कुणबी, खारवी, गवळी, गुरव असे. त्यावरही बौद्ध समाज स्वतःच्या नावाने ‘ब’ मध्ये की कायद्यातल्या अनुसूचित जाती या नावाने ‘अ’ मध्ये, असा मुद्दा निघतोच. मुस्लिम समाजाला एकच ओळ द्यायची, की दालदी मच्छीमारांना वेगळी, यावर एका गावात दोन बैठका गेल्या.

त्याच गावात आज असेसमेंटच्या उताऱ्यावर ‘समता नगर (पूर्वीची बौद्धवाडी)’ असे छापून येते. थांब्यावरच्या पाटीला निळा रंग नव्याने दिला आहे, पण खालचा थर जाड होता. पावसात पाटी भिजली की ‘द्ध’ चा अर्धा फाटा ‘न’ च्या मागून वर दिसतो. फलकाच्या मसुद्यात मडकी कुंभारवाडीत भाजली जात असे वाक्य आहे. ते तसेच ठेवायचे की वाडीचे नवे नाव घालायचे, याबद्दल पंचायतीने वर पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत फलकाचा लोखंडी सांगाडा कार्यालयाच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवला आहे, आणि शिपाई त्यावर छत्र्या वाळत घालतो.