भिंतीवरच्या गाई-बैलांच्या प्रिंट्स आल्या कुठून

गाई-बैलांची चित्रं माणूस कधीपासून काढतोय विचाराल तर फ्रान्समधली लास्को गुहा बघा, साधारण १७ हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे रानबैल काढून ठेवलेत, त्यातला एक तर पाच मीटरहून लांब आहे. पण ते झालं गुहेचं. घरात टांगायचे गाई-बैल खऱ्या अर्थाने १७ व्या शतकातल्या डच लोकांनी आणले. पाउलुस पॉटर नावाच्या पोराने, पोरच म्हणायचं, विशीत होता तो, १६४७ मध्ये ‘बुल’ हे चित्र काढलं, सव्वादोन मीटरपेक्षा उंच आणि जवळपास साडेतीन मीटर रुंद. एवढं मोठं चित्र तोपर्यंत राजे नाहीतर देवादिकांचं असायचं! गंमत म्हणजे तो वळू एकच जनावर बघून काढलेला नाही, वेगवेगळ्या वयाच्या जनावरांचे अवयव जोडलेत, जाणकार माणसाच्या लगेच लक्षात येतं.

आता एवढं धूड कोणाच्या घरात मावणार? पण हाच पॉटर तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छोटी छोटी मुद्राचित्रंही करायचा, १६५० मध्ये त्याने गाई-बैलांची अशी आख्खी मालिका काढली. एका पत्र्यावरून बऱ्याच प्रती निघायच्या, म्हणजे कागदावरचा बैल घरी न्यायची सोय तेव्हाच झाली होती.

पण खरी मजा इंग्लंडमध्ये. १८ व्या शतकाच्या शेवटी तिकडे निवडक जनावरं जुळवून वजनदार जाती तयार करायचं वेडच लागलं होतं, आणि मालकाला आपला बैल जगाला दाखवायचाय, फोटो तर नाहीत, मग बोलवा चित्रकार. त्या चित्रांतली जनावरं बघितली की हसू येतं, धड पेटीसारखं चौकोनी, पाय काडीसारखे, डोकं इवलंसं. मालकालाच तसं हवं असायचं ना, जितकी चरबी जास्त तितका जातीचा भाव जास्त. थॉमस ब्यूइक या कोरीवकाराने आठवणींत लिहून ठेवलंय की जनावराच्या अंगावर न दिसणारे चरबीचे गोळे काढायला त्याने साफ नकार दिला. मला तर ती खोटी चित्रंच जास्त आवडतात.

यातला सगळ्यात गाजलेला डरहॅम ऑक्स. या बैलाला खास गाडीत घालून गावोगाव फिरवायचे, लोक पैसे देऊन बघायला यायचे, आणि १८०२ मध्ये जॉन बोल्टबीच्या चित्रावरून कोरलेली त्याची प्रिंट निघाली तर एका वर्षात दोन हजारांवर प्रती खपल्या. आज ज्याला आपण अँटिक लूक म्हणून फ्रेम करतो ती मुळात जातीची जाहिरात होती.

पुढे शिळाछाप आली, आलोइस झेनेफेल्डरने १७९० च्या दशकात शोधलेली, दगडावर सरळ चित्र काढायचं आणि छापायचं, कोरण्याची कटकटच नाही. १८३७ मध्ये एंगेलमनने रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं, त्यानंतर रंगीत चित्रं साध्या घरांतही पोचायला लागली. रोझा बॉन्हर या फ्रेंच चित्रकर्तीचं नांगर ओढणाऱ्या बैलांचं १८४९ चं चित्र याच काळातलं, ते मात्र प्रामाणिक आहे, उलटलेल्या ढेकळांसकट. (१९६६ मध्ये अँडी वॉरहोल या अमेरिकन चित्रकाराने गाईच्या तोंडाचा चक्क वॉलपेपरच केला, तो प्रकार वेगळाच.)

आणि हल्ली प्रिंटखाली ‘जिक्ले’ असं लिहिलेलं असतं, तो शब्द १९९१ चा, अमेरिकेतल्या जॅक डगॅनने फवारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून बनवलेला, इंकजेट म्हटलं तर कोण पैसे देणार! या प्रिंट्स ज्यावर निघायच्या ते आयरिस नावाचे इंकजेट प्रिंटर मुळात छपाईआधीचं प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढायला होते, त्यामुळे सुरुवातीची शाई पटकन विटायची. नंतर पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई, आणि कॉटनचा आम्लविरहित कागद आला तेव्हा कुठे रंग टिकायला लागले, म्हणून नुसतं जिक्ले वाचून घेऊ नका, शाई आणि कागद कुठला ते आधी विचारा.