हिमोफिलिया: ‘आधी ब्लीड, मग फॅक्टर’ हा क्रम कसा उलटला

हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारे प्रथिन (फॅक्टर) जन्मतःच कमी असल्याने रक्तस्राव (ब्लीड) लवकर न थांबण्याचा आजार. त्याच्या उपचारांसाठी जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२० साली आली. आजार तीव्र असेल तर रक्तस्रावाची वाट न पाहता नियमित औषध द्यावे, म्हणजेच प्रोफिलॅक्सिस हाच प्रमाण उपचार, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. तिचे मुख्य लेखक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. आलोक श्रीवास्तव. पण ही कल्पना २०२० ची नव्हे. स्वीडनमधल्या माल्मो इथे डॉ. इंगा मारी निल्सन यांनी १९५८ मध्येच हा प्रयोग सुरू केला होता. मग मधली साठ वर्षे गेली कुठे?

तीव्र हिमोफिलियात मुलाचा गुडघा काही न लागताही रक्ताने भरतो. सूज दिसण्याआधी आत मुंग्या आल्यासारखे वाटते, मग सांधा गरम होतो, पाय सरळ होईनासा होतो. त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा ब्लीड झाले की आतले अस्तर जाड होते, कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात गुडघा आखडून बसतो. अशा रुग्णांच्या रक्तात फॅक्टर निरोगी माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. ज्यांच्यात तो एक ते पाच टक्के आहे, त्यांचे सांधे मात्र बरेचसे शाबूत राहतात, हे स्वीडिश डॉक्टरांच्या लक्षात आले. तेव्हा पातळी एक टक्क्याच्या वर ठेवायची, इतका साधा हिशेब. अडचण अशी की फॅक्टर आठ (हिमोफिलिया ए मध्ये हाच कमी असतो) शरीरात साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा शिरेत सुई, आणि तीही जन्मभर. एवढा फॅक्टर आणायचा कुठून?

१९६४ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ज्युडिथ ग्रॅहम पूल यांना दिसले की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळू दिला तर पिशवीच्या तळाशी पांढरट साका उरतो, आणि फॅक्टर आठ त्यातच असतो. हेच क्रायो. ते साध्या रक्तपेढीतही बनवता येई, म्हणून गरीब देशांनी त्यावरच दिवस काढले. पुढे फॅक्टरची पावडर आली. घरच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवून स्वतःच इंजेक्शन घेण्याची सोय झाली, पण एकेक बॅच हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बने. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना झालेल्या वेगळ्याच आजाराची नोंद प्रसिद्ध केली. तो एड्स होता. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांची एक पिढीच पोखरली. १९५२ साली ज्याच्या आडनावावरून हिमोफिलिया बी ला (यात फॅक्टर नऊ कमी असतो) ‘ख्रिसमस डिसीज’ म्हटले गेले, तो स्टीफन ख्रिसमसही १९९३ मध्ये एड्सनेच गेला. विषाणू मारण्याची प्रक्रिया आणि १९९२ पासूनचा रिकॉम्बिनंट (रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून न काढता जनुकतंत्राने बनवलेला) फॅक्टर यांनंतर कुठे भीती ओसरली.

औषधाइतकीच महत्त्वाची ठरली ती व्यवस्था, आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसे बघितले जात नाही. अमेरिकेने १९७५ पासून खास केंद्रांना सरकारी पैसा दिला: रक्तविकारतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक एकाच ठिकाणी. या केंद्रांत उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी कमी असल्याचे २००० सालच्या पाहणीत दिसले. प्रोफिलॅक्सिसचा पक्का पुरावा तर २००७ मध्ये आला. ६५ मुलांच्या त्या चाचणीत, नियमित फॅक्टर घेणाऱ्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे सहाव्या वर्षी एमआरआयवर निर्दोष होते. ब्लीड झाल्यावरच फॅक्टर घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के.

भारतात हिमोफिलिया फेडरेशन १९८३ मध्ये स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आणि अनेक राज्यांत सरकारी रुग्णालयांतून मोफत फॅक्टर मिळू लागला. तोही बहुतेक वेळा ब्लीड झाल्यावरच. युरोपइतका डोस परवडत नाही म्हणून प्रोफिलॅक्सिसच नको, हा युक्तिवाद आता टिकत नाही. वजनाच्या किलोमागे दहा युनिट, आठवड्यातून दोनदा, एवढ्या लहान डोसनेही ब्लीड बरेच घटतात. २०२० च्या आवृत्तीतही हेच आहे: साधने अपुरी असतील तर डोस कमी चालेल, पण द्यायचा तो ब्लीडच्या आधी.