आठवण ठेवणारी समीकरणे

न्यूटनच्या गतिशास्त्रात या क्षणीचे स्थान आणि वेग कळले की पुढचे सगळे ठरते. आधी काय घडले, याची चौकशी लागत नाही. दीर्घ स्मृती असलेल्या अरेषीय (परिणाम कारणाच्या सरळ प्रमाणात नसलेल्या) प्रणालींचे गणित हा आधार सुटतो तिथे सुरू होते. त्याचा उगम बहुधा लायब्निट्सने १६९५ मध्ये लोपितालला लिहिलेल्या पत्रात दाखवला जातो, कारण त्यात अर्ध्या क्रमाच्या विकलजाचा (बदलाच्या दराचा, म्हणजे डेरिव्हेटिव्हचा) उल्लेख आहे. पण त्या पत्रात स्मृतीचा मागमूस नाही. माझ्या मते खरा आरंभ १८३५ चा, विल्हेल्म वेबरच्या रेशमी धाग्यांचा.

वजन टांगले की धागा लगेच ताणला जाई, पण तेवढ्यावर न थांबता सावकाश आणखी लांबत राही. वजन काढले की झटकन आखडे, आणि मूळ लांबीवर मात्र हळूहळू येई. म्हणजे या क्षणी सारखीच लांबी आणि सारखेच वजन असलेले दोन धागे पुढे वेगळे वागू शकतात, कारण त्यांनी आधी सोसलेले वेगळे असते.

बोल्ट्झमनने १८७४ मध्ये हे सूत्रात मांडले: आजचा ताण म्हणजे आजवरच्या सगळ्या बदलांची बेरीज, त्यात जुन्याला वजन कमी. साधी बेरीज, म्हणून रेषीय. ती चौकट रोममधल्या व्हितो व्होल्तेराने ओलांडली. पहिल्या महायुद्धात मासेमारी घटल्यावर एड्रियाटिक समुद्रात शिकारी माशांचे प्रमाण वाढले होते. त्याचा उलगडा करताना त्याने हेही ताडले, की आज खाल्लेल्या भक्ष्याचा परिणाम शिकाऱ्यांच्या संख्येवर काही काळाने दिसतो. त्यामुळे समीकरणातच भूतकाळावरचे संकलन (इंटिग्रल, म्हणजे गेलेल्या सगळ्या क्षणांची सलग बेरीज) आले.

इथे अडचण मोठी आहे. सुरुवातीची स्थिती म्हणून एक-दोन संख्या पुरत नाहीत, गेलेल्या काळाचे अख्खे फलन, म्हणजे प्रत्येक क्षणाची किंमत, द्यावे लागते. १९७० मध्ये गणितज्ञ डाफर्मोसने तो इतिहासच आणखी एक अज्ञात मानून समीकरणात घेतला. मग ऊर्जेच्या हिशेबात भूतकाळही धरता आला आणि प्रणाली अखेर स्थिरावते का, हे सिद्ध करता येऊ लागले. या विषयाला सर्वांत मोठी कलाटणी मिळाली ती इथे, असे मला ठामपणे वाटते. पुढे १९७७ मध्ये मॅकी आणि ग्लास यांनी रक्तपेशींच्या निर्मितीचे मॉडेल मांडले. त्यात एकच चल आहे, तरी आधीच्या पेशीसंख्येचा परिणाम दिसण्यातला विलंब वाढवत नेला की केऑस, म्हणजे नियमबद्ध असूनही भाकीत न करता येणारे वर्तन, दिसतो. स्मृती नसलेल्या सलग काळाच्या स्वायत्त (ज्यांचे नियम काळानुसार बदलत नाहीत अशा) समीकरणांत त्यासाठी निदान तीन चले लागतात.

स्मृती घातांकी वेगाने, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पटीने, विरत असेल, तर एखादे जादा चल घेऊन ती मिटवता येते. घातनियमाने, म्हणजे काळाच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात सावकाश विरत, रेंगाळणारी स्मृती अशा मोजक्या चलांत बसत नाही. कापुतोच्या १९६७ च्या अपूर्णांकी (अर्ध्यासारख्या अपूर्ण क्रमाच्या) विकलजात हीच स्मृती असते. संगणकाला प्रत्येक पायरीवर मागच्या सगळ्या पायऱ्यांची बेरीज करावी लागते. पायऱ्या दहापट केल्या, की काम सरळ हिशेबाने शंभरपट. म्हणूनच पुणे विद्यापीठात दफ्तरदार-गेज्जी आणि जाफरी यांनी २००६ मध्ये मांडलेली अरेषीय समीकरणांची पुनरावर्ती पद्धत अपूर्णांकी समीकरणांच्या अभ्यासकांना हाताशी हवीशी वाटली: ती अरेषीय भाग टप्प्याटप्प्याने फोडते आणि उत्तराची मालिका उभी करते.