शुभंकरांची स्वतःची काळजी व प्रशिक्षण

घरातल्या वृद्ध, परावलंबी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाला स्वतःचे शरीर, झोप आणि मन सांभाळता यावे, यासाठी दिले जाणारे शिक्षण व आधार. अशा नातेवाइकाला सहसा ‘काळजीवाहक’ म्हणतात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटात मात्र तो ‘शुभंकर’ असतो आणि रुग्ण ‘शुभार्थी’. ओझे वाहण्याचा सूर या शब्दांत नाही, म्हणून या नोंदीत तेच घेतले आहेत.

शुभंकर बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते. रात्री उठून सासूबाईंची कूस बदलायची, पहाटे डायपर, मग डबे. या धबडग्यात तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी राहून जाते आणि कुणी विचारलेच तर ‘मला काय धाड भरलीय’ हे उत्तर ठरलेले. ही हेळसांड जिवावर बेतू शकते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदाराची सेवा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला.

अमेरिकेतल्या ‘पॉवरफुल टूल्स फॉर केअरगिव्हर्स’ या सहा आठवड्यांच्या वर्गात शुश्रूषेचे धडे नसतात. तिथे विषय शुभंकर हाच. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःसाठी एक बेत आखायचा, तोही नेमका: काय, किती, केव्हा, किती वेळा. ‘व्यायाम करीन’ चालत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी वीस मिनिटे चालेन’ असे हवे. मग स्वतःलाच विचारायचे, हे जमेल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली असेल तर बेत लहान करायचा. मदत मागायलाही शिकवतात. ‘तू कधी येतच नाहीस’ म्हटले की भाऊ चिडतो; ‘मला रविवारी दुपारी तीन तास झोप हवी आहे, तेवढा वेळ आईजवळ बस’ म्हटले की त्याला नेमके काम कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसपोर्ट’ या स्मृतिभ्रंशविषयक प्रशिक्षणात पाच भाग आहेत. त्यांत स्वतःच्या काळजीचा भाग रोजच्या शुश्रूषेच्या आधी येतो, आणि हा क्रम योग्यच आहे. अर्थात हातांचे कसबही शुभंकराला वाचवते. पलंगावरून खुर्चीत बसवताना खुर्ची शुभार्थीच्या बळकट बाजूला लावायची, चाकांना ब्रेक लावायचा आणि स्वतः कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचे. एवढे माहीत नसल्याने कित्येक सुनांच्या कंबरा कायमच्या धरल्या आहेत.

खरी अडचण वेळेची. घरी बसायला बदली माणूस नसेल, तर वर्गाला यायचे कसे? अमेरिकेत २००० सालच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने प्रशिक्षणाबरोबर अशा तात्पुरत्या बदलीसाठीही निधी दिला. भारतात २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. शुभंकराच्या विश्रांतीची तरतूद त्यात नाही.