प्रौढ वयातील परभाषासंपादन

मातृभाषा पक्की झाल्यानंतर, साधारणतः किशोरवय ओलांडल्यावर, एखादी नवी भाषा सहज ऐकता-बोलता येण्याइतकी आत्मसात करणे. यात ओघ, व्याकरणाची अचूकता आणि मूळ भाषकांसारखा उच्चार अशा तीन गोष्टी येतात. तिन्हींची गती वेगळी असते आणि एक साधली म्हणून दुसरी साधतेच असे नाही. ‘मोठेपणी भाषा येत नाही’ हा समज बराचसा या तिन्हींची गल्लत केल्यामुळे टिकून आहे. जोसेफ कॉनरॅड (१८५७–१९२४) याची मातृभाषा पोलिश. इंग्रजी तो विशीत शिकला आणि पुढे इंग्रजीतला श्रेष्ठ कादंबरीकार ठरला. त्याच्या बोलण्यातला परका हेल मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

वय : भाषा आपसूक येण्याचा काळ वयात येण्याच्या सुमारास संपतो, अशी मांडणी एरिक लेनेबर्ग याने १९६७ मध्ये केली आणि ती फार गाजली. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांची १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी मात्र वेगळेच सांगते. पहिल्या काही महिन्यांत प्रौढ आणि किशोरवयीन मुले डच भाषेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बरीच पुढे होती. लांब पल्ल्यात लहान मुले बाजी मारतात, हेही तितकेच खरे. २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणचाचणीवरून व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपास उतरू लागते, असा निष्कर्ष काढण्यात आला. त्याच्या सांख्यिकी विश्लेषणावर पुढे आक्षेपही आले. मुलांच्या यशाचे सगळे श्रेय मेंदूला देणे मात्र घाईचे ठरते. मुलाच्या कानांवर ती भाषा दिवसभर पडते, चुकले तर कोणी नावे ठेवत नाही आणि त्याच्याकडून अपेक्षाही चार शब्दांचीच असते. प्रौढाला पहिल्याच महिन्यात घरभाड्याचा करार समजून घ्यावा लागतो.

उच्चार : वयाचा खरा फटका बसतो तो इथे, आणि दोष जिभेइतकाच कानाचाही असतो. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता; वर्षाच्या उंबरठ्यावरच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. आपल्याला ‘ताप’ आणि ‘टाप’ यांत घोटाळा होणे अशक्य वाटते, पण मोठ्या इंग्रजी भाषकाला ते एकच ऐकू येतात. हे कायमचे बहिरेपण नव्हे. इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखू न येणाऱ्या जपानी प्रौढांना अनेक वेगवेगळ्या वक्त्यांच्या आवाजांत शब्दांच्या जोड्या ऐकवल्यावर त्यांची ओळख सुधारली. एकाच शिक्षकाचा आवाज घोटण्याने तितके साधत नाही.

ओघ : भरभर बोलले की भाषा आली, असे ऐकणाऱ्याला वाटते. अभ्यासक मात्र वेगाबरोबरच थांबे कुठे पडतात हे पाहतात. ‘मी काल त्याच्या घरी गेलो, पण तो भेटला नाही’ हे वाक्य घ्या. मराठी मातृभाषा असलेला माणूस थांबलाच, तर ‘गेलो’नंतर थांबेल. नवशिका ‘त्याच्या’पाशीच अडतो, कारण पुढे ‘घरी’ म्हणायचे की ‘घराला’, याचा हिशेब तिथे चाललेला असतो. बोलताना आशय ठरवणे, शब्द शोधणे, त्यांना योग्य रूप देणे आणि उच्चारणे ही कामे मातृभाषेत एकाच वेळी, न कळत होतात. नव्या भाषेत प्रत्येकासाठी लक्ष खर्ची पडते आणि लक्षाचा साठा मर्यादित असतो. त्यामुळे परीक्षेत नियम अचूक लिहिणारा संभाषणात गप्प बसतो, यात नवल नाही.

यावरचा एक मोठा तोडगा म्हणजे तयार शब्दसमूह. ‘त्याचं काय झालं की...’ एवढे म्हणेपर्यंत पुढचे वाक्य जुळवायला दोन क्षण मिळतात. मातृभाषेतल्या बोलण्याचाही मोठा भाग अशा जोडून आलेल्या शब्दांचाच असतो. पाठ्यपुस्तके मात्र सुटे शब्द आणि नियम यांवरच रेंगाळतात. पॉल नेशन याच्या लेखनातून प्रसार झालेली सरावाची एक पद्धत अशी : एकच विषय तीन वेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायचा. आशय ठरलेला असल्याने लक्ष मोकळे होते आणि अडखळणे कमी होते. मात्र तीच चूक तिन्ही वेळा घोटली जाण्याचा धोकाही यात आहे.

लागणारा वेळ : अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेच्या अनुभवानुसार कामकाजापुरते प्रभुत्व येण्यास इंग्रजी भाषकाला स्पॅनिशसाठी ६०० ते ७५० तास, हिंदीसाठी सुमारे १,१०० आणि जपानी किंवा अरबीसाठी सुमारे २,२०० तास वर्गात बसावे लागते. स्वाध्याय वेगळा. मातृभाषा आणि नवी भाषा यांतले अंतर बदलले की हे आकडेही बदलतात. तीन महिन्यांत अस्खलित करून देण्याच्या जाहिराती याच्या शेजारी ठेवून वाचाव्यात. इंग्रजी मजकूर मदतीविना वाचण्यास सुमारे ८ ते ९ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कूळ) लागतात, असा नेशनचा २००६ मधील अंदाज आहे.

गोठलेल्या चुका : अनेकांची प्रगती एका टप्प्यावर थांबते आणि काही चुका कायमच्या होऊन बसतात. लॅरी सेलिंकर याने १९७२ मध्ये या अवस्थेची चर्चा केली. रिचर्ड श्मिट याने १९८३ मध्ये ‘वेस’ या टोपणनावाने वर्णिलेला हवाईतील जपानी चित्रकार हे याचे गाजलेले उदाहरण. तो इंग्रजीत मनमोकळेपणाने गप्पा मारी, लोकांना त्याच्याशी बोलायला आवडे. पण तीन वर्षांनंतरही त्याचे व्याकरण जवळपास होते तिथेच होते. नुसत्या सहवासाने अचूकता येत नाही. चूक सुधारलीच, तर ऐकणारा बहुधा चुकलेले वाक्य दुरुस्त करून परत उच्चारतो आणि बोलणाऱ्याला तो होकार वाटतो. काय चुकले हे नेमके बोट ठेवून दाखवले आणि बरोबर रूप बोलणाऱ्याकडूनच वदवून घेतले, तर दुरुस्ती त्याच्या ध्यानात येण्याची शक्यता वाढते.