पार्श्वभूमी : विसाव्याचा वार

मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर जी वचनं टांगलेली असतात, त्यांत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं, येशूचं एक हमखास असतं: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ धकाधकीला कंटाळलेल्यांसाठी भरणाऱ्या प्रार्थनासभा आणि रिट्रीट याच वचनाचा आधार घेतात. त्यापुढचं पान मात्र सहसा कोणी उलटत नाही. बारावा अध्याय सुरू होतो तोच शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, भांडणाने. येशूचे भुकेले शिष्य शेतातून जाताना कणसं मोडून खातात आणि आजच्या दिवशी हे चालत नाही म्हणून हटकलं जातं. विसाव्याचं आमंत्रण आणि विसाव्याच्या दिवसाचा वाद असे पाठोपाठ येतात. त्या दोहोंची गाठ अजूनही सुटलेली नाही.

आधी ‘विसावा’ या शब्दाबद्दल. या वचनासाठी मराठीत तोच रुळला, हे आपलं भाग्य. विश्रांती घरी, अंथरुणावर घेतात. विसावा वाटेवर असतो. वारीच्या वाटेवर पालखीचा विसावा असतो, आणि अंत्ययात्रेत खांदेकरी तिरडी टेकवतात तीही विसाव्याचीच जागा. भार उतरवायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा निघायचं. म्हणून तर येशू लगेच पुढे आपलं जू खांद्यावर घ्यायला सांगतो आणि ते सोयीचं आहे असं म्हणतो. खांदा सोलवटलेला बैल ज्याने पाहिला आहे, त्याला सोयीचं जू म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

खरा गुंता आहे तो ‘शब्बाथ’ या शब्दाचा. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘थांबणं’. हा आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे आपला शनिवार. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात आणि या एका आज्ञेचं कारण दोन ठिकाणी वेगवेगळं दिलं आहे. ‘निर्गम’ या पुस्तकात कारण आहे सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी तो थांबला. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात कारण आहे गुलामगिरीचं: तू मिसर देशात दास होतास हे विसरू नकोस, म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव आणि तुझ्या वेशीच्या आतला परका यांनाही थांबू दे. माझ्या मते या परंपरेतलं सर्वांत मोठं वाक्य हे दुसरं आहे. स्वतः थांबणं त्या मानाने सोपं. दुसऱ्याला थांबू देणं ही आज्ञा.

सातव्या दिवसावरून पहिल्या दिवसावर आपण कसे आलो, ते थोडक्यात. येशूचं पुनरुत्थान झालं रविवारी, म्हणून आरंभीचे ख्रिस्ती रविवारी एकत्र जमत, पण त्या दिवशी सुट्टी नसे. ३२१ साली रोमन सम्राटाने सूर्याच्या वारी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी काम बंद ठेवावं असा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली, कारण पेरणीची वेळ हुकमाची वाट पाहत नाही. त्याच शतकात लावदिकिया इथल्या धर्मसभेने ठरवलं की ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम करावं आणि जमल्यास रविवारी थांबावं. ते ‘जमल्यास’ पुढे विसरलं गेलं. धर्मसुधारणेनंतर ब्रिटनमधल्या कडव्या प्रोटेस्टंटांनी जुन्या शब्बाथाचे सगळे निर्बंध रविवारवर चढवले, आणि एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आला तो हाच शब्बाथ. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मंडळीत मुलांना बायबल शिकवणारी शब्बाथशाळा भरते रविवारी. नाव शनिवारचं, दिवस आइतवारचा! शनिवारच पाळणारा पंथही आपल्याकडे, पुण्यात आहे. आज्ञेत जे लिहिलं आहे तेच आम्ही करतो, हा त्यांचा मुद्दा साधा आहे आणि मला तो खोडता आलेला नाही.

पण महाराष्ट्रात आइतवार रिकामा नव्हता. तो खंडोबाचा वार, आणि कितीतरी गावांच्या बाजाराचाही. नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार-मांग घरांतले होते. गावकीची कामं रविवार पाहून थांबत नसत. ज्याच्या दिवसावर दुसऱ्याची मालकी, त्याला दिवस पाळ म्हणून सांगायचं तरी कसं?

हा प्रश्न पुढे धसाला लागला तो चर्चमध्ये नाही, मुंबईच्या गिरण्यांत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त मुलांना, आणि मूल म्हणजे सात ते बारा वर्षांचं. मोठ्यांच्या वाट्याला काहीच नाही. १८८४ मध्ये कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन गेलं. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची, दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाची. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार आले आणि दोन बायाही व्यासपीठावरून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

या निर्णयाचं श्रेय कोणाचं, यावर आजही हमरीतुमरी होते. रविवार इंग्रजांच्या धर्मातून आला, असं एक बाजू म्हणते. तो खंडोबाचा वार म्हणून मागितला गेला, असं दुसरी म्हणते. मुंबईच्या गिरण्यांना वेसण घालण्यात लँकाशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता हे तिसरं, आणि ते खरंही आहे. पण मागणी करणारे सत्यशोधक विचाराचे होते, चर्चचे नव्हते. आपल्या देशात देवाची चौथी, म्हणजे शब्बाथाची, आज्ञा (कॅथलिक मोजणीत तिसरी) कष्टकऱ्यांच्या पदरात पडली ती चर्चबाहेरच्या माणसांच्या हातून, हे ख्रिस्ती लोकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवं. त्याच १८९१ साली रोमहून कामगारांविषयी पोपचं परिपत्रक निघालं. रविवारची विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, पण ती निव्वळ आळसासाठी नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मुंबईची सभा त्याच्या वर्षभर आधीची.

घरातला रविवार वेगळा होता. माझी आजी शनिवारी सूर्य कलताना पाणी भरून ठेवायची, पाट्यावर मसाला वाटायची, आम्हा पोरांचे बूट ओळीने पुसून दाराशी लावायची. रविवारी उपासनेआधी चूल एकदाच पेटायची. तरीही दुपारी पंगत उठल्यावर भांड्यांपाशी बसलेली तीच असायची. अनुवादातल्या त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव सगळे आहेत, बायको नाही. ‘तू’ म्हटलं की तीही त्यात आली, असा खुलासा अभ्यासक करतात. आजीच्या हातांना तो खुलासा कधी पोचला नाही.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत भर दिवसावरून मनाकडे सरकला. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये बांधलेली मौनाची साधना पूर्वी मुख्यतः धर्मगुरू आणि व्रतस्थ करत. आता वसई-वांद्र्याचे नोकरदार वर्षाची रजा साठवून तीन दिवस मौनात बसतात. यातून खरोखर हलके होऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. पण सुट्टी ज्याला मिळते त्यालाच हा विसावा मिळतो. १९९८ मध्ये रोमने रविवारवर एक दीर्घ पत्र काढलं, तेही याच काळजीतून: रविवार नुसता ‘वीकएंड’ होऊ नये.

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आहेच, पण ती आळीपाळीने. म्हणजे हक्क शाबूत राहिला, सामाईक दिवस मात्र गेला. मॉलमधल्या मुलीची सुट्टी मंगळवारी, तिच्या नवऱ्याची गुरुवारी. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा (उपासना) रविवारची म्हणून धरली जाते, आणि तिथे मागच्या बाकांवर कामाचा गणवेश घातलेली, गळ्यात ओळखपत्र असलेली माणसं दिसतात. शेवटचं गीत संपायच्या आत त्यांतले काही जण रात्रपाळीसाठी उठून गेलेले असतात.