पाक (साखरेचा)

पाक : साखर, खडीसाखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून आटवलेले दाट, गोड द्रावण. संस्कृत ‘पच्’ (शिजवणे) या धातूपासून आलेला हा शब्द मराठी स्वयंपाकघरात चालतो तसाच वैद्याच्या औषधशाळेतही चालतो. लाडवांचा पाक आणि खोकल्याच्या बाटलीतला पाक यांत फरक आहे तो मुख्यतः पाण्याच्या प्रमाणाचा.

साखरेचे प्रमाण वाढेल तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो. घरात तापमापक नसतोच, त्यामुळे परीक्षा बोटांवर. थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटे अलगद लांब केली की एक तार ओढली जाते, तो एकतारी पाक. रव्याच्या लाडवांना हाच लागतो. पुढे दोनतारी. गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळू लागली की गोळीबंद. तापमान तेव्हा सुमारे ११५ अंश सेल्सिअस असते. चिक्कीचा पाक याहून कडक. पाकात चमचाभर दूध घालतात ते मळी वर येण्यासाठी, आणि लिंबाचे चार थेंब पिळतात ते पाक पुन्हा साखरू नये म्हणून. आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि ही मिश्र साखर सहजासहजी खडे धरत नाही.

आयुर्वेदातील अवलेह हा पाकाचाच प्रकार. च्यवनप्राश त्यातला सर्वांच्या ओळखीचा. शार्ङ्गधरसंहितेत औषधी चूर्णाच्या चौपट साखर, गूळ असेल तर दुप्पट, असे प्रमाण दिले आहे. पाक नीट झाल्याची तिथली लक्षणे कुठल्याही सुगरणीला पटतील अशी आहेत : तार सुटते, थेंब पाण्यात टाकला तर न पसरता तळाशी बसतो आणि बोटाने दाबल्यास ठसा उमटतो. आसव-अरिष्टांत मात्र गुळाचे काम निराळे. तिथे तो टिकण्यासाठी नसून आंबण्यासाठी असतो. धायटीची फुले घालून ते आंबवण घडवून आणतात. युनानी वैद्यकातले ‘शरबत’ आणि इंग्रजीवाटे आलेले ‘सिरप’ हे दोन्ही शब्द ‘पिणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूतून निघाले आहेत.

आधुनिक औषधनिर्मितीतील साध्या सिरपचे प्रमाण भारतीय औषधकोशाप्रमाणे १,००० ग्रॅममध्ये ६६७ ग्रॅम साखर असे आहे. हा आकडा उगाच आलेला नाही. २५ अंश सेल्सिअसला पाण्यात जेमतेम एवढीच साखर मावते. इतक्या दाट पाकात जंतूंना वापरण्याजोगे पाणी उरत नाही, उलट त्यांच्या पेशीतलेच पाणी ओढले जाते; म्हणून पाक स्वतःच टिकतो. तो पातळ राहिला तर बुरशी धरतो. फार दाट झाला तर थंडीत साखर खडे धरते आणि बाटलीचे झाकण आटीत असे अडकते की फडक्यात धरून पिळावे लागते.

मधुमेहींसाठी साखर काढून टाकली, तेव्हा ती गोडीखेरीज किती कामे करत होती हे ध्यानात आले. सॅकरीन १८७९ पासून माहीत होते. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असलेल्या सुक्रलोजची गोडी १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस यांना कळली. ‘टेस्ट’ म्हणजे ‘तपासणी’ करायला सांगितलेले त्यांनी ‘टेस्ट’ म्हणजे ‘चव घे’ असे ऐकले, अशी हकीकत सांगतात. (प्रयोगशाळेतला पदार्थ जिभेवर ठेवणे हा धडा म्हणून गिरवू नये.) पण चिमूटभर सुक्रलोजने औषधाला दाटपणा येत नाही आणि ते टिकतही नाही. त्यामुळे सॉर्बिटॉल, ग्लिसरीन, झँथन गम आणि वेगळे परिरक्षक घालावे लागतात. सॉर्बिटॉल जास्त झाले की पोट सुटते, हे मुलांना औषध देताना लक्षात ठेवावे लागते.

गोडीचा एक घातक पैलूही नोंदवला पाहिजे. डायएथिलीन ग्लायकॉल हे विष चवीला गोड असते. १९३७ मध्ये अमेरिकेत ते सल्फा औषधाचे द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. चव कडू असती तर निदान कोणी तोंड तरी वाकडे केले असते.

पाकाचा सर्वांत नजाकतीचा उपयोग संक्रांतीच्या काटेरी हलव्यात दिसतो. मंद शेगडीवर परात, तिच्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा. वरून चमचा-चमचा एकतारी पाक आणि बोटांनी सतत हलवणे. प्रत्येक थर वाळला की पुढचा चमचा. कोरड्या थंडीत काटा चांगला येतो, म्हणून हे काम पौषातले. साखरेचे वेष्टण असलेल्या औषधी गोळ्या बनवण्याची जुनी रीत नेमकी हीच : फिरते भांडे, गरम हवा आणि पाकाचे एकावर एक पातळ थर. काम काही दिवस चाले आणि गोळीचे वजन बरेच वाढे, म्हणून आता बहुतेक कारखान्यांत पातळ पटलाचे वेष्टण देतात. हलव्याशी फरक इतकाच, की गोळीवर काटा आला तर ती सगळी खेप बाद. गोळी गुळगुळीत करून शेवटी मेणाने चकाकवत.